ग्लोबल कॉम्पॅक्टमध्ये कंपनी सामील करताना : फाउंड्रीतल्या एचआरच्या वहीतून

जर्मनीतल्या गिऱ्हाइकाची मेल आधी मार्केटिंगकडे आली. मार्केटिंगने ती क्वालिटीकडे सरकवली, क्वालिटीने माझ्याकडे. प्रश्न एकच होता : जबाबदार आणि शाश्वत व्यवसायासाठीच्या कोणत्या उपक्रमात तुमची कंपनी सहभागी आहे? उत्तराला मुदत पंधरा दिवस.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, एचआर बघते. पगारपत्रक, पीएफ, गेटपास, कॅन्टीनच्या आमटीत पाणी जास्त झाल्याच्या तक्रारी, असा माझा दिवस. 'शाश्वत' हा शब्द तोवर कीर्तनातच ऐकलेला. मालकांना मेल दाखवली तर म्हणाले, "मॅडम, ते सर्टिफिकेट केवढ्याला पडतं बघा, घेऊन टाकू."

आम्ही शेवटी सामील झालो ते संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्ट या उपक्रमात. ते सर्टिफिकेट नसतं आणि विकत मिळत नाही, हे कळायला मला दोन महिने लागले. आता आमचे दोन वार्षिक अहवाल जाऊन आलेत. गोकुळ शिरगाव, कागलकडून अधूनमधून फोन येतात, "तुम्ही ते कसं केलं?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. उदाहरणं फाउंड्रीची आहेत, पण तुमचा धंदा औषधांचा असो, कापडाचा की सॉफ्टवेअरचा, वाट हीच आहे.

१. आधी बघा, विचारलंय कोणी आणि मागितलंय काय

गिऱ्हाईक 'सस्टेनेबिलिटी' म्हणतं तेव्हा चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक त्याच्या मनात असते. ती कोणती ते विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही आणि तीन आठवडे भलताच फॉर्म भरत बसलो.

पहिला प्रकार बांधिलकीचा. संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल कॉम्पॅक्ट यात येतो. कंपनीचा प्रमुख लेखी सांगतो की मानवी हक्क, कामगार, पर्यावरण आणि भ्रष्टाचार यांविषयीची त्यांची दहा तत्त्वं आम्ही मानतो आणि दरवर्षी काय केलं ते जाहीर करू. कार्बन उत्सर्जन कमी करण्याचं ठरावीक उद्दिष्ट घ्यायचं असेल तर सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह हा वेगळा उपक्रम आहे. त्यात लहान-मध्यम कंपन्यांसाठी सोपा मार्ग ठेवलाय.

दुसरा प्रकार गुणांचा. इकोव्हॅडिस या गुण देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुम्ही कागद चढवता, ते तपासून गुण देतात, मग जमलं तर मेडल. तिसरा ऑडिटचा. सेडेक्स या पुरवठादारांच्या माहितीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून त्यांचं स्मेटा नावाचं ऑडिट करा असं गिऱ्हाईक सांगतं, मग ऑडिटर प्रत्यक्ष येतो, कामगारांशी एकांतात बोलतो. चौथी आपल्या सरकारची झेड योजना, म्हणजे 'झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट'. उद्यम नोंदणी असलेल्या कारखान्याला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांनी प्रमाणपत्र मिळतं आणि खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० टक्के, मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत आहे.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यात सामील होण्याचा प्रश्नच नसतो : शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. तो बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. तुम्ही अशा कंपनीचे व्हेंडर असाल तर त्यांच्या अहवालासाठी तुमच्याकडून आकडे मागवले जातात. ते द्यायचे, बस्स. मूळ धरून बघायचं तर या अहवालाची चौकट केंद्र सरकारच्या २०१९ च्या जबाबदार व्यवसाय आचरणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांवर उभी आहे. ती नऊ आहेत आणि ग्लोबल कॉम्पॅक्टच्या दहांशी बरीचशी जुळतात.

आमच्या गिऱ्हाइकाला बांधिलकी हवी होती. जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झालाय, मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे माणसांना कसं वागवतात ते बघावं लागतं. म्हणून ती मेल. यापुढचं सगळं ग्लोबल कॉम्पॅक्टविषयी.

२. आपण बसतो का ते बघा

हा उपक्रम कोफी अन्नान यांनी जानेवारी १९९९ मध्ये दावोसला सुचवला आणि २६ जुलै २००० रोजी न्यूयॉर्कला सुरू झाला. आज जगभरातल्या २०,००० हून जास्त कंपन्या त्यात आहेत. त्यामुळे 'हे टाटा-महिंद्रांचं काम' असं समजू नका. २५० पेक्षा कमी माणसांच्या कंपन्या त्यात भरपूर आहेत.

पण दहापेक्षा कमी थेट कर्मचारी असतील तर इथे दार उघडत नाही. घरामागच्या शेडमध्ये चार लेथ चालवणाऱ्याने या फंदात न पडता आधी झेडचं बघावं, माझं हेच मत आहे. तंबाखूची उत्पादनं बनवणाऱ्या, भूसुरुंग, क्लस्टर बॉम्ब, अण्वस्त्रं किंवा रासायनिक-जैविक शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांना घेत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या यादीत नाव असलं तरी नाही.

इथे एक सापळा आहे. 'थेट कर्मचारी' म्हणजे तुमच्या पगारपत्रकावरची माणसं. आम्ही उत्साहात ठेकेदाराची माणसंही मोजली आणि आकडा १४० वरून थेट २३० वर नेला. मग पुढे पीएफ चलनाशी मेळ लागेना. एकदा लिहिलेला आकडा वर्षानुवर्षं मागे लागतो, तेव्हा सुरुवातीलाच नीट लिहा.

३. मालकांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा

पहिली, पैसे. वार्षिक वर्गणी उलाढालीवर ठरते आणि ती दरवर्षीची आहे. दिल्लीत ग्लोबल कॉम्पॅक्ट नेटवर्क इंडियाचं कार्यालय आहे. तुमच्या उलाढालीला किती बसेल ते त्यांच्याकडून लेखी मागवा आणि तो कागद मालकांपुढे ठेवा. "बघू नंतर" म्हणत अर्ज केलात तर वर्गणीचं बिल येईल त्या दिवशी तुमची पेशी आहे.

दुसरी, सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाचा घोळ. आमच्या मालकांनी लगेच शाळेला दिलेल्या दप्तरांचे आणि वृक्षारोपणाचे फोटो काढून दिले. त्यांचं चुकलं असंही नाही, आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव पडलंय. पण सीएसआर हा कंपनी कायद्याच्या कलम १३५ चा विषय. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी ओलांडलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. ग्लोबल कॉम्पॅक्टवाले विचारतात ते नफा कमावताना कारखान्यात काय घडतं ते. दप्तरांच्या फोटोने त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

४. कागदांची फाइल लावा

ही यादी मी आता डोळे मिटून सांगू शकते. यातलं बहुतेक तुमच्याकडे आहेच, फक्त चार कपाटांत आणि तीन माणसांच्या डोक्यात विखुरलेलं आहे.

- कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी, उद्यम नोंदणी, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद
- कारखान्याचा परवाना आणि मंजूर माणसांची संख्या
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती, तिच्या मागच्या पानावरच्या अटींसकट
- घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म ४ (मुदत ३० जून) आणि पर्यावरण विवरण, फॉर्म ५ (मुदत ३० सप्टेंबर)
- महावितरणची बारा महिन्यांची बिलं, डिझेल खरेदीची बिलं, पाण्याची बिलं
- पीएफ आणि ईएसआयची चलनं, आपली आणि ठेकेदाराचीही
- हजेरी आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर, अपघात रजिस्टर, आरोग्य तपासणीचे अहवाल
- लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीचा आदेश, बैठकांची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल
- असतील ती धोरणं : सुरक्षा, पर्यावरण, भ्रष्टाचारविरोध, तक्रार निवारण

प्रदूषण मंडळाच्या संमतीबद्दल थोडं सांगते. सगळे पहिलं पान लॅमिनेट करून ऑफिसात लावतात. अटी मागच्या पानांवर असतात : किती टन उत्पादन, किती सांडपाणी, धुराड्याची उंची, झाडं किती. आमच्या संमतीतलं उत्पादन आणि प्रत्यक्षातलं उत्पादन यात फरक निघाला, कारण दुसरी भट्टी बसवल्यावर संमती वाढवून घ्यायचं राहून गेलं होतं. ते आधी निस्तरलं. असं काही सापडलं तर अर्ज महिनाभर मागे ठेवा, काही बिघडत नाही.

५. दहा तत्त्वं घेऊन फ्लोअरवर फिरा

तत्त्वं कागदावर साधी दिसतात. पहिली दोन मानवी हक्कांची, तीन ते सहा कामगारांची, सात ते नऊ पर्यावरणाची, दहावं भ्रष्टाचाराचं. हे दहावं २००४ साली जोडलं गेलं. ऑफिसात बसून वाचलीत तर सगळ्यांपुढे बरोबरची खूण कराल. मीही केली होती. नंतर प्रिंट घेऊन फेटलिंग शॉपमध्ये गेले, जिथे ओतलेला माल घासून साफ करतात.

*सक्तीचं काम.* "आपल्याकडे कुठली सक्ती?" असं मलाही वाटत होतं. फेटलिंगला ओडिशाची मुलं आहेत, ठेकेदारामार्फत आलेली. एकाला सहज आधार कार्ड मागितलं, ईएसआयचं नाव दुरुस्त करायचं होतं. म्हणाला, "ठेकेदार के पास है." ठेकेदाराच्या पिशवीतून रबर बँड लावलेली अकरा आधार कार्डं निघाली. सोबत एक लाल डायरी, तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे उचल : कुणाची दहा हजार, कुणाची पंचवीस. कार्डं कशाला ठेवली विचारल्यावर ठेकेदाराने अगदी सरळ सांगितलं, "मॅडम, कार्ड दिलं की पोरगं दुसऱ्या दिवशी रेल्वेत."

ऊसतोडीच्या उचलीवर आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या बोलतो, पण तीच उचल आपल्या गेटच्या आत आहे हे दिसत नाही. ओळखपत्रं अडकवून ठेवणं आणि कर्जात बांधून ठेवणं या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सक्तीच्या कामाच्या खुणांच्या यादीत आहेत. आपल्याकडे वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. आम्ही काय केलं : कार्डं सह्या घेऊन परत दिली, उचल ठेकेदाराच्या डायरीतून पगाराच्या स्लिपवर आणली आणि दरमहा किती कापायची त्याला मर्यादा घातली. दोन मुलं खरंच गेली. नऊ राहिली.

*बालकामगार.* लहान मुलं कारखान्यात नसतात हे खरं. घोळ होतो सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा, जी 'काकांबरोबर शिकायला' येतात. फाउंड्री धोक्याच्या कामात मोडते. अठराच्या आतलं कोणी फ्लोअरवर नको, आयटीआयचा अप्रेंटिससुद्धा नको. वयाचा पुरावा ठेकेदाराच्या माणसांचाही फाइलला लावा.

*संघटना करण्याचा हक्क.* इथे मालक लोक बिचकतात. "म्हणजे आपण युनियन आणायची का?" तसं कोणी म्हणत नाही. कामगारांनी केली तर अडवायचं नाही, एवढंच. युनियन नसेल तर त्यांचं म्हणणं वर जायला कार्यसमिती किंवा तक्रार समिती आहे का आणि तिच्या बैठका होतात का, ते दाखवा. रजिस्टरमध्ये एकाच शाईने, एकाच दिवशी लिहिलेली बारा महिन्यांची इतिवृत्तं कोणालाही ओळखू येतात.

*सुरक्षा आणि आरोग्य.* आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित कामाची जागा हा मूलभूत हक्क मानला, त्यामुळे आता हेही कामगार तत्त्वांबरोबर पाहिलं जातं. फाउंड्रीत याचा अर्थ धूळ. वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेलं फडकं त्या धुळीला अडवत नाही, योग्य दर्जाचा मास्कच लागतो आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू असावी लागते. आमची यंत्रणा होती. ती वीज वाचवायला रात्रपाळीत बंद ठेवत. हे मला सेफ्टी ऑफिसरने सांगितलं नाही, कॅन्टीनमधल्या मावशींनी सांगितलं : "रातच्या पोरांची ताटं बघा, पांढरी असत्यात."

*भेदभाव आणि स्त्रिया.* दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची. आमच्याकडे कोअर शॉप (इथे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनतात) आणि ऑफिस मिळून बायका सहा. समिती कागदावर होती, पण सहापैकी चौघींना ती आहे हे माहीतच नव्हतं. नोटीस मराठीत लावा, आणि परप्रांतीय असतील तर हिंदीतही.

*पर्यावरण.* आमचा नाजूक मुद्दा वापरलेली वाळू. ती कुठे जाते म्हणून ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. "जिथं खड्डा भरायचा असंल तिथं." पंचगंगेच्या खोऱ्यात बसून हे उत्तर कोणाला लिहून देणार? आता प्रत्येक खेपेचं रजिस्टर आहे : गाडी नंबर, वजन, कुठे दिली, घेणाऱ्याची सही. वाळू पुन्हा वापरात आणायचं प्रमाणही वाढवलं, त्यात पैसे वाचतात म्हणून मालकांनी याला लगेच मान डोलावली.

*भ्रष्टाचार.* पेटी कॅशची व्हाउचरं काढा आणि 'चहापाणी' शब्द शोधा. आमच्याकडे एका महिन्यात 'चहापाणी १,५००' असं चार वेळा निघालं. अकाउंटंटला विचारलं, एवढा चहा कोण पितं? तो हसला. कुठल्या टेबलावरचा चहा ते इथे लिहीत नाही. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, आणि माणसाने कंपनीच्या फायद्यासाठी दिली तर कंपनीही अडकते. सगळं एका दिवसात बंद झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. आम्ही सुरुवात केली ती दिवाळीच्या भेटींच्या रजिस्टरपासून आणि 'चहापाणी' या नावाचं व्हाउचर पास न करण्यापासून.

या फिरण्याला आठवडा-दोन आठवडे द्या. सापडलेल्या त्रुटी वहीत लिहा, पुढे तारीख आणि जबाबदार माणूस. हीच वही पुढे अहवालाचा कच्चा खर्डा होते.

६. बांधिलकीचं पत्र

हे पत्र संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना उद्देशून असतं. नमुना ग्लोबल कॉम्पॅक्टच्या संकेतस्थळावर मिळतो, कंपनीच्या लेटरहेडवर घ्यायचं. त्यात तीन गोष्टी येतात : दहा तत्त्वांना पाठिंबा, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापक उद्दिष्टांसाठी पाऊल उचलण्याची तयारी आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल.

सही कंपनीच्या सर्वोच्च कार्यकारी अधिकाऱ्याचीच हवी. एमडी, सीईओ, भागीदारी असेल तर व्यवस्थापकीय भागीदार. एमडी परदेशी होते म्हणून आम्ही प्लांट हेडची सही घेऊन पाठवलं, ते परत आलं. पंधरा दिवस गेले. नमुन्यातली भाषा आपल्या मनाने 'सुधारू' नका. आमच्या मार्केटिंगने त्यात 'जागतिक दर्जाची अग्रगण्य कंपनी' घुसवलं होतं, ते मी काढलं.

संचालक मंडळाचा ठराव करून घ्या. तुमच्या बाजूने तो ढाल आहे. उद्या मास्कच्या खरेदीला कोणी आडवं आलं तर ठरावाची प्रत काढायची.

७. ऑनलाइन अर्ज

हा भाग सोपा. कंपनीचं नाव नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा, 'प्रा. लि.' सकट. क्षेत्र, कर्मचारी संख्या, उलाढाल डॉलरमध्ये, मालकी कोणाची, संपर्काचं माणूस. पत्र जोडायचं. मग ते तुमच्या कंपनीची पार्श्वभूमी तपासतात, कधी दोन प्रश्न विचारतात. त्या काळात मेल रोज बघा, स्पॅमसुद्धा. आमचा एक प्रश्न तिथे नऊ दिवस पडून होता.

याच टप्प्यावर सल्लागारांचे फोन येतील. 'दोन दिवसांत ग्लोबल कॉम्पॅक्ट सर्टिफिकेट, बॅकडेटेड धोरणांसकट' अशी ऑफर मलाही आली होती. ग्लोबल कॉम्पॅक्ट कोणालाही प्रमाणित करत नाही. ज्याने तसं लिहिलंय त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. चांगले सल्लागार आहेत, विशेषतः कार्बनच्या हिशोबाला, पण अर्ज भरायला त्यांची गरज नाही.

८. विजेचं बिल घेऊन बसा

पहिल्या अहवालाआधी कार्बनचा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करा. वाटतं तेवढा अवघड नाही. कारखान्यात जळणाऱ्या इंधनाचा एक भाग, विकत घेतलेल्या विजेचा दुसरा. तिसरा, म्हणजे कच्चा माल, वाहतूक वगैरे, पहिल्या वर्षी जमेल तेवढाच.

समजा महिन्याला ३,००,००० युनिट वीज. देशाच्या ग्रिडसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी गुणक, म्हणजे युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड तो आकडा, जाहीर करतं, तो साधारण ०.७ किलो प्रति युनिट धरा. झाले २,१०,००० किलो, म्हणजे २१० टन कार्बन डायऑक्साइड. आता जनरेटरचं डिझेल : १,००० लिटर, लिटरला साधारण २.६८ किलो. झाले २.६८ टन.

हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि मी मालकांकडे गेले. वर्षभर आमच्या पर्यावरण बैठकीत फक्त जनरेटरचा धूर आणि ऑफिसातले एलईडी यांवर चर्चा चालली होती. मालकांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि मेल्टिंगच्या सुपरवायझरला बोलावलं. भट्टीचं झाकण किती वेळ उघडं असतं, धातूचा रस तयार होऊन मोल्डिंगची (साच्यांची) वाट बघत किती मिनिटं थांबतो, असले प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा निघाले. प्रत्यक्ष अहवालात गुणक वापराल तो त्या वर्षीचा, प्राधिकरणाच्या कागदावरून घ्या आणि कुठल्या वर्षीचा ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुम्हीच विसराल.

पोलाद किंवा अॅल्युमिनियमचा माल युरोपला जात असेल तर हा हिशोब तसाही लागणार आहे. युरोपच्या सीमेवरचा कार्बन कर ऑक्टोबर २०२३ पासून माहिती मागवण्याच्या टप्प्यात होता, १ जानेवारी २०२६ पासून तो पुढच्या, पैसे मोजण्याच्या टप्प्यात गेला. तुमचा माल त्यात बसतो का, ते तुमच्या एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या कस्टम वर्गवारीच्या क्रमांकावरून ठरतं. सीएचएला, म्हणजे तुमच्या कस्टम एजंटला विचारा.

९. पहिला वार्षिक अहवाल

सामील झालात त्याच्या पुढच्या वर्षापासून अहवाल द्यावा लागतो. २०२३ पासून तो ऑनलाइन प्रश्नावलीच्या रूपात आहे : कारभार, मानवी हक्क, कामगार, पर्यावरण, भ्रष्टाचारविरोध. सोबत सर्वोच्च अधिकाऱ्याचं पाठिंबा चालू असल्याचं निवेदन. मुदत चुकली तर कंपनीच्या नावापुढे 'अहवाल दिला नाही' असा शेरा लागतो, पुढेही दिला नाही तर नाव काढून टाकतात. हे सगळं जाहीर असतं. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला ते बघायला एक मिनिट लागतं. मुळात सामीलच न झालेल्या कंपनीपेक्षा काढून टाकलेल्या कंपनीला जास्त प्रश्न विचारले जातात.

आणि प्रश्नावलीत 'नाही' म्हणायची सोय आहे. 'अजून नाही, ठरवतोय' हेही चालतं. इथेच सगळे फसतात. बाकीच्यांची उत्तरं सार्वजनिक असल्यामुळे त्यांचं बघून 'हो' 'हो' करत जातात. मग गिऱ्हाइकाचा माणूस भेटीला येतो आणि म्हणतो, तुम्ही लिहिलंय की पुरवठादारांची मानवी हक्क तपासणी होते, अहवाल दाखवा. आमच्या पहिल्या अहवालात 'नाही' बरेच होते. मालकांना लाज वाटली. गिऱ्हाइकाने मात्र एवढंच विचारलं की यातले कोणते पुढच्या वर्षी 'हो' होतील. आम्ही तीन सांगितले, दोन झाले. तिसरा, ठेकेदाराच्या माणसांना वेतन थेट बँकेत, अजून पूर्ण झालेला नाही, चार जणांची खाती गावाकडच्या भावाच्या नावावर आहेत.

१०. लोगो आणि पासवर्ड

सदस्य झाल्याच्या आनंदात संयुक्त राष्ट्रांचं निळं चिन्ह लेटरहेडवर, कास्टिंगच्या खोक्यांवर छापू नका. ते वापरता येत नाही. 'आम्ही ग्लोबल कॉम्पॅक्टला पाठिंबा देतो' असा वेगळा लोगो असतो आणि त्यालाही नियम आहेत. मालावर तो मुळीच नको, कारण मालाला मान्यता मिळाली असा अर्थ निघतो. आमच्या मार्केटिंगने कॅलेंडरवर छापलं होतं. पाचशे प्रती गोडाऊनमध्ये आहेत, मागची बाजू कोरी असल्याने शिफ्टचे चार्ट लिहायला वापरतो.

लॉगिन एखाद्या माणसाच्या मेलवर ठेवू नका. शेजारच्या एका कारखान्यात हे काम बघणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला आणि अहवालाच्या मुदतीला चार दिवस असताना हे लक्षात आलं. कंपनीच्या नावाने वेगळा मेल काढा, संपर्काला दोन माणसं द्या. आमचा पासवर्ड पाकिटात घालून मालकांच्या तिजोरीत आहे, आणि तारखांचा तक्ता माझ्या टेबलामागच्या भिंतीवर : ३० जून, ३० सप्टेंबर, अहवालाची त्या वर्षीची मुदत. शेजारी लाल पेनाने लिहिलंय, 'एमडी परदेशी कधी जाणार ते आधी विचार.'